गटकार्यात लेकराच्या घरचा धर्म मधे आला तर काय करायचं: नव्या गुरुजी-बाईंसाठी

परवा एका नव्या शिक्षिकेचा फोन आला, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून लागलेली, रुजू होऊन दीड महिना झालेला. म्हणली ताई, शाडूच्या गणपतीसाठी गट पाडलेत आणि एक पोरगी मातीला हातच लावंना, नुसती बसून राह्यलीय, सहभाग नाही म्हणून मार्क कापू का? मला हसू पण आलं आणि पोटात कसंतरी पण झालं, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नेमकं हेच करून बसले होते.

माझ्या सातवीत अशीच एक पोरगी होती. बाकीच्या पाचजणी सोंड वळवायल्या, कान चिकटवायल्या, आणि ही हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघायली. मी दोनदा ओरडले, मग निरीक्षण नोंदीत 'गटात काम करत नाही' असं लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली, भांडायला नाही, नुसतं सांगायला, की बाई, आमच्याकडं गणपती करत नाहीत, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा आम्ही पाळतो, पोरीला वाटलं सांगितलं तर वर्ग हसंल म्हणून गप बसली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झालं आणि त्या प्रतिज्ञांत गौरी-गणपतीबद्दल काय म्हटलंय हे मला माहिती नव्हतं असं नाही, मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ते माहिती असतंच, पण वर्गातल्या मातीच्या गोळ्याशी त्याचा काही संबंध आहे हे डोक्यात आलंच नाही. डी.एड.ला गटकार्याचे फायदे पाठ केले होते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून हे लिहायलेय. झेडपीच्या, अनुदानित, इंग्लिश मीडियमच्या, कुठल्याही शाळेत पाचवी ते दहावीला शिकवणाऱ्या नव्या माणसाला उपयोग होईल. आपल्याकडं एका वर्गात जय भीमवाली घरं, मुसलमान घरं, माळकरी, लिंगायत, महानुभाव, जैन, बंजारा तांड्यावरची लेकरं, नांदेडकडं असाल तर शीख, जालना-संभाजीनगरकडं ख्रिश्चन, हे सगळं एका बाकावर असतं. आणि गट म्हणलं की सगळ्यांनी मिळून एकच काम करायचं असतं, त्यामुळं अडचण तिथंच बाहेर पडते. फळ्यावर शिकवताना ती दिसत नाही.

आधी हे जवळ ठेवा:

- एक दिनदर्शिका ज्यात हिंदू सणांसोबत मुस्लिम महिने पण दिलेले असतात (कालनिर्णयमध्ये असतात)
- शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक
- एक साधी शंभर पानी वही, फक्त तुमच्यासाठी, हिच्यात धर्माचा कॉलम आखायचा नाही
- कोऱ्या चिठ्ठ्या, वर्गाच्या पटाएवढ्या
- सहल किंवा बाहेरच्या उपक्रमासाठी पालक संमतीपत्र
- कामात बदल केला तर त्याची दोन ओळींची नोंद आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही

एवढंच. कुठलं ट्रेनिंग लागत नाही.

१. काम देण्याआधी त्याचा हेतू एका ओळीत लिहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, बाकीच्या नऊ विसरलात तरी चालतील. 'गणपती बनवणे' हा हेतू नाही. 'मातीला आकार देणे आणि एक वस्तू गटाने पूर्ण करणे' हा हेतू आहे. एकदा हे लिहिलं की दिसतं, गणपतीच्या जागी पोळ्याचा बैल, हत्ती, घागर, आपल्या गावची वेस, काहीही चालतं, आणि काम तेवढंच अवघड राहतं.

मी आता असं करते की हेतूची ओळ लिहून त्यातून देव, सण आणि खाण्याचा पदार्थ काढून बघते. तरी ओळ उभी राहिली तर पर्याय देता येतो. ओळच कोसळली तर मग ते काम वर्गात गटाने करायचं का, हाच प्रश्न आहे. उदाहरण सांगते, 'आरती पाठ करून गटाने म्हणणे' यातून देव काढला तर काय उरतं? चाल आणि पाठांतर. मग पोवाडा घ्या, ओवी घ्या, जात्यावरची गाणी घ्या.

इथं एक गल्लत होते ती सांगते. नामदेवांचा अभंग पुस्तकात आहे, जनाबाईंचा आहे, तो सगळ्यांनीच वाचायचा, अर्थ लावायचा, त्यावर गटचर्चा करायची. नर्सी आपल्या हिंगोलीत, गंगाखेड परभणीत, ही आपल्या मातीतली माणसं आहेत, आणि अभंग वाचणं म्हणजे पूजा नाही. पण तोच अभंग शिकवताना हौसेनं सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लावला, फोटोला हार घालून नमस्कार करायला लावला, की ते अभ्यासाच्या बाहेर गेलं. वाचणं, समजणं, लिहिणं सगळ्यांना. हात जोडणं, टिळा, प्रसाद ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ही रेघ मनात पक्की असली की निम्मे प्रश्न येतच नाहीत.

२. जूनमध्येच कॅलेंडर घेऊन बसा

सुट्ट्यांच्या पत्रकात सगळं नसतं. पत्रकात ईदची सुट्टी असते, रमजानचा महिना नसतो. आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतो, त्यामुळं मागच्या वर्षीच्या अंदाजावर जाऊ नका. २०२५ ला मार्चमध्ये होता, २०२६ ला फेब्रुवारीच्या १९ तारखेपासून, म्हणजे ऐन प्रकल्प जमा करायच्या आणि दहावीच्या पेपरच्या दिवसांत. २०३० ला तर एका वर्षात दोनदा येणार आहे, जानेवारीत आणि डिसेंबरात.

पाचवी-सहावीच्या लेकरावर रोजा फर्ज (बंधनकारक) नसतो पण हौसेनं धरतात, घरी रोजा-कुशाई, म्हणजे पहिला रोजा सोडायचा समारंभ पण होतो, त्याचं केवढं कौतुक असतं. अशा दिवशी दुपारी दोनला मैदानावर मोजमापाचं गटकार्य लावलं तर त्या लेकराचे हाल होतात आणि ते सांगत नाही. सकाळच्या तासाला लावा, झालं. शुक्रवारी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान नमाज असते, मोठ्या मुलांना जायचं असतं, तेव्हा गटाचं सादरीकरण ठेवू नका.

तसंच नवरात्र. तुळजापूर ज्यांच्या घरातलं दैवत आहे तिथली कितीतरी लेकरं नऊ दिवस अनवाणी असतात, काहींना नऊ दिवसांचा उपवास. अनवाणी पोराला प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या घेऊन गटात उभं करायचं का? नाही करायचं. तो प्रयोग दसऱ्यानंतर घ्या, किंवा त्या आठवड्यात त्याला निरीक्षण लिहायचं काम द्या. इथं श्रद्धा आणि सुरक्षितता दोन्ही सांभाळायची आहे, त्यामुळं 'चालतंय की' म्हणून सोडून देऊ नका.

आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार, जैनांचं पर्युषण, गुड फ्रायडे, १४ एप्रिल आणि त्याच्या आधीचे तयारीचे दिवस, सेवालाल महाराज जयंती १५ फेब्रुवारीला, हे सगळं वहीत मांडून ठेवा. एक तास लागतो.

३. विचारा, पण धर्म विचारू नका, काम विचारा

वर्गात उभं राहून 'कुणाच्या धर्मात हे चालत नाही, हात वर करा' असं कधीही करू नका. हात वर करणारं लेकरू त्या दिवसापासून वर्गात वेगळं होतं. मी चिठ्ठी वापरते. प्रकल्प देण्याच्या तीन-चार दिवस आधी कामाची माहिती सांगायची आणि सगळ्यांना कोरी चिठ्ठी द्यायची, त्यावर एकच प्रश्न:

'या कामातलं एखादं काम करायला, खायला, घालायला किंवा कुठं जायला तुला अडचण आहे का? असेल तर कोणतं ते लिही. कारण लिहिलं नाही तरी चालेल.'

चिठ्ठी सगळ्यांनी द्यायची, 'नाही' असेल तरी 'नाही' लिहून द्यायची, म्हणजे कोण काय लिहितंय हे कळत नाही. गंमत म्हणजे निम्म्या चिठ्ठ्यांचा धर्माशी संबंधच नसतो. 'कार्डशीट आणायला पैसे नाहीत', 'संध्याकाळी थांबता येत नाही बकऱ्या आणायच्या असतात', 'अमक्याच्या गटात नको तो मारतो'. हे पण कळतं, आणि हे कळणं काही कमी नाही.

ज्याने अडचण लिहिली त्याच्याशी मधल्या सुट्टीत एकटं बोला. 'तुमच्यात असं असतं का?' असं विचारू नका. 'तुला यातलं काय करायला आवडंल?' असं विचारा. नववीतल्या पोराला अख्ख्या इस्लामचा किंवा अख्ख्या बौद्ध धम्माचा प्रवक्ता करून टाकायची आपल्याला फार खोड असते, त्याला स्वतःलाच सगळं माहिती नसतं आणि माहिती असायची गरज पण नाही.

आणि याच्या उलट चूक: आडनावावरून आपणच ठरवून टाकणं. एका वर्षी मी एका मुस्लिम पोराला परस्पर दिंडीच्या गटातून काढून पोस्टरच्या गटात टाकलं, मोठा समजूतदारपणा केल्यासारखं, तर ते रडायलाच लागलं, त्याला पखवाज वाजवायचा होता, त्याचे आजोबा गावात भजनात बसायचे. आपल्या कितीतरी गावांत मोहरमची सवारी धरणारा माणूस मुसलमानच असतो असं नाही. कुणाच्या घरात काय चालतं हे जनरल रजिस्टरच्या धर्म-जातीच्या रकान्यात लिहिलेलं नसतं. विचारल्याशिवाय काढू नका आणि विचारल्याशिवाय टाकू पण नका.

४. गट पाडताना

हजेरीच्या क्रमाने किंवा चिठ्ठ्या टाकून पाडा. पाच-सहाच्या वर नको. मैत्रीनुसार बसू दिलं की वस्तीनुसार गट पडतात, हे दोन दिवसांत तुमच्या लक्षात येईल, वाडा एकीकडं, तांडा एकीकडं, मोहल्ला एकीकडं.

एकाच धर्माची चार लेकरं असतील तर 'त्यांना सोयीचं पडंल' म्हणून त्यांचा वेगळा गट करू नका. सोय कामात करायची असते. बसण्यात केली की ती वेगळी पंगत होते. मात्र एखादं लेकरू फारच बुजरं असेल तर त्याच्या ओळखीचं एकजण गटात राहू द्या, एवढं चालतं.

मुलामुलींचा गट हा विषय नेहमी निघतो आणि तो फक्त मुस्लिम घरांतून निघतो असं समजू नका, पाटलांच्या घरातून पण निघतो, मारवाड्यांच्या पण. बहुतेक वेळा पालकांची हरकत एका बाकावर बसण्याला नसते, प्रकल्पासाठी कुणाच्या घरी जायला, संध्याकाळी थांबायला आणि मोबाईलला असते. मग सरळ उपाय, गटाचं सगळं काम शाळेच्या वेळात शाळेतच संपवायचं. घरी जाऊन करायचा भाग प्रत्येकाचा वेगळा ठेवायचा. मुलींचे नंबर गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचे नाहीत, तिथं पालकांचा नंबर. आणि फोटो! उपक्रमाचे फोटो वर टाकायची आपल्याला घाई असते, पण ज्या मुलीच्या घरी फोटो चालत नाही तिचा टाकू नका, हातांचा काढा, वहीचा काढा, पाठमोरा काढा.

५. नाटुकलीत कुणाला काय करायला लावता ते बघा

हे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मराठवाड्यात ही चूक दरवर्षी होते. १७ सप्टेंबर जवळ आला की मुक्तिसंग्रामाची नाटुकली बसते. रझाकार कोण? वर्गातली मुसलमान पोरं. शिवजयंतीला अफजलखान कोण? तेच. मी स्वतः केलंय हे, 'उच्चार चांगला जमतो' असं कारण देऊन. नंतर महिनाभर त्या पोराला वर्गात 'ए रझाकार' म्हणायले आणि मला ते कळायला पण पंधरा दिवस लागले.

आता नियम असा ठेवलाय, भूमिका चिठ्ठ्यांनी पडतात, आणि नको असलेली चिठ्ठी आली तर एकदा बदलून मिळते, कुणालाही, कारण न सांगता. दुसरं म्हणजे नाटुकलीचा मजकूरच नीट करा. रझाकारांच्या विरोधात लिहिणारा हैदराबादचा पत्रकार शोएबुल्ला खान, 'इमरोज'चा संपादक, १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्याला रस्त्यात मारून टाकलं, पोलीस अॅक्शनच्या (भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं त्याच्या) तीन आठवडे आधी. हा प्रसंग नाटुकलीत घ्या. स्वामी रामानंद तीर्थ आहेतच, सोबत हा पण असू द्या. एवढं केलं की 'ते विरुद्ध आपण' असं जे नकळत उभं राहतं ते राहत नाही, आणि इतिहास पण जास्त खरा होतो.

वेशभूषेत पण बघा. शीख पोराची पगडी काढून त्याला फेटा बांधायचा नाही, केस मोकळे सोडायला लावायचे नाहीत. हातातलं कडं राहू द्या. ज्या मुलीला स्कार्फ काढायचा नाही तिला स्कार्फसकट जिजाऊंची दासी, शेतकरीण, डॉक्टर, काहीही करता येतं, पदर असतोच की. नाच करायचा नसेल तर निवेदन आहे, पडदा आहे, ढोलकी आहे. फक्त दरवेळी त्याच लेकराला पडदा ओढायला ठेवू नका, पर्यायी काम नेहमी हलकंच असलं तर ती शिक्षाच झाली.

६. विषयवार चटकन बदल

स्टार्चचा प्रयोग: बटाटाच लागतो असं नाही, भाताची पेज किंवा कणीक आणि आयोडीन, निळा-काळा रंग तसाच येतो. पेशी बघायला कांद्याच्या पापुद्र्याऐवजी ऱ्हिओच्या जांभळ्या पानाचा पापुद्रा. जैन घरांत कंदमुळं खात नाहीत, हात लावायला बहुतेकांची ना नसते, पण खायची गोष्ट असेल तर नक्की विचारा.

खाद्यजत्रा, बिनाविस्तवाचा स्वयंपाक: हा सगळ्यात फसवा उपक्रम. माळकरी आहे, लिंगायत आहे, जैन आहे, उपवासवाला आहे, रोज्यावाला आहे. भेळ, कोशिंबीर, लिंबू सरबत, फळं एवढ्यावरच ठेवा, कांदा वेगळ्या वाटीत ठेवा. सगळ्यांनी चव घेतलीच पाहिजे असा नियम करू नका, मार्क मोजमाप, स्वच्छता आणि वाढण्याला द्या. पोषण आहारात २०२३ च्या शेवटी अंडी सुरू झाली तेव्हा न खाणाऱ्याला केळं दिलं जायचं, त्याच रांगेत, त्याच वेळी. अंड्यांचे पैसे पुढं बंद झाले ती गोष्ट वेगळी, पण पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चित्रकला: काही मुस्लिम घरांत माणूस-प्राण्यांची चित्रं काढू देत नाहीत, सगळ्यांत नाही. गटाच्या भित्तिचित्रात त्याला नक्षी, झाडं, इमारती, अक्षरलेखन द्या. संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याची जाळी काढायला दिली होती एकाला, दोन दिवस मान वर केली नाही पठ्ठ्याने.

सरस्वती पूजन, ग्रंथदिंडी: महानुभाव घरातली लेकरं पंचकृष्णांशिवाय (त्यांच्या पंथाचे पाच अवतार) दुसऱ्या देवाला हात जोडत नाहीत, दुसऱ्या देवाचा प्रसाद घेत नाहीत, आणि हे पुष्कळ शिक्षकांना माहितीच नसतं कारण ते 'आपल्यातलेच' वाटतात. प्रसाद हातावर ठेवून समोर उभं राहू नका.

प्रजनन, उत्क्रांती वगैरे धडे: इथं धडा सोडून मिळत नाही. फक्त मुलींचा गट वेगळा बसवता येतो, प्रश्न चिठ्ठीवर विचारता येतात. अभ्यासक्रम तोच.

७. सहल आणि क्षेत्रभेट

वेरूळ घ्या. १ ते १२ बौद्ध लेणी, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. गटकार्यासाठी याहून चांगली जागा नाही, प्रत्येक गटाला तिन्हीतली एकेक लेणी द्यायची, खांब मोजा, नक्षीची नोंद करा, कुठून उजेड येतो ते बघा. धर्मानुसार गट देऊ नका, बौद्ध पोरांना दहावं लेणं आणि बाकीच्यांना कैलास असं तर मुळीच नको.

घोळ होतो तो शेजारी घृष्णेश्वराला. बस थांबते आणि सगळे दर्शनाला. आत जायचं नसलेल्या लेकरांसाठी एक शिक्षक बाहेर थांबेल हे आधीच ठरवा आणि संमतीपत्रात लिहा: 'मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, विहार येथे आत जाणे ऐच्छिक आहे.' नांदेडला सचखंड गुरुद्वारात नेलं तर डोकं झाकायला रुमाल लागतो हे आदल्या दिवशी सांगा. लंगरमध्ये जेवायचं नसेल त्याचा डबा असू द्या. बाहेर थांबलेल्यांना नुसतं बसवू नका, त्यांना पण नोंदीचं काम द्या, नाहीतर बसमध्ये चिडवाचिडवी ठरलेली.

८. काय मान्य करायचं नाही

एका वर्षी एक पालक आले, गावातलं वजनदार माणूस, चहा वगैरे झाला, मग हळूच म्हणाले, बाई, आमच्या पोराला त्या वस्तीवरल्या पोरांच्या गटात नका ठेवू, आमच्या घरात सोवळं-ओवळं कडक असतं, धार्मिक घर आहे. मी नवी नव्हते तरी क्षणभर गडबडले, कारण मीच वर्षभर 'लेकरांच्या श्रद्धेचा मान ठेवा' म्हणत फिरायले होते आणि हा माणूस माझेच शब्द माझ्यापुढं ठेवून बसला.

मग मी असा फरक करायला शिकले. लेकरू स्वतःच्या हाताने काय करणार, स्वतः काय खाणार, कुणापुढं वाकणार, हे त्याचं. दुसऱ्या लेकरानं कुठं बसायचं, कुणाच्या बाटलीला हात लावायचा नाही, कोण गटप्रमुख होणार नाही, हे त्याचं नाही. पहिल्यात बदल करून द्यायचा, दुसऱ्यात एक इंच पण सरकायचं नाही. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने बंद केलीय आणि तिला सोवळं म्हणलं, परंपरा म्हणलं, तरी ती तीच राहते. त्या पालकांना मी एवढंच म्हणले, गट चिठ्ठ्यांनी पडलेत, बदलत नाहीत, तुमच्या पोराचा डबा त्याचा त्याला खाऊ द्या, पण काम याच गटात होईल. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं. तुम्ही पण आधी सांगून ठेवा, एकट्याने अंगावर घेऊ नका, नवी नोकरी असते.

हे दुसऱ्या धर्माबद्दल आलं तरी तसंच. 'मुसलमानाच्या पोराच्या हातचं पाणी नको' आणि 'काफिराच्या पोरासोबत नको' दोन्हीला उत्तर एकच.

९. पालक आणि मुख्याध्यापक अडून बसले तर

पालक घाबरून आलेले असतात, ते भांडखोर आहेत असं धरून सुरुवात करू नका. कामाचा हेतू लिहिलेला कागद समोर ठेवा, पर्याय दाखवा, 'मार्क कमी होणार नाहीत' हे पहिल्या वाक्यात सांगा. माझ्या अनुभवात बहुतेक जण तिथंच मऊ पडतात.

मुख्याध्यापक म्हणले की 'शाळेत आहे म्हणजे सगळ्यांनी करायचंच', तर शांतपणे संविधानाचं कलम २८ दाखवा. मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत संमतीशिवाय भाग घ्यायला लावता येत नाही, लेकरू अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत तर धार्मिक शिक्षणच देता येत नाही. आणि १९८६ चा सुप्रीम कोर्टाचा केरळचा निकाल आहे, यहोवाचे साक्षीदार या ख्रिश्चन पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण गायची नाहीत, शाळेने काढून टाकलं, कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताबाबत असं असेल तर आपल्या शाडूच्या गोळ्याचं काय घेऊन बसलात. लेकराला सगळ्यांपुढं उभं करून त्याच्या घरच्या रीतीवरून बोलणं हा मानसिक त्रास आहे, आरटीई कायद्याच्या कलम १७ मध्ये तो मारण्याच्या बरोबरीने मना केलाय (संविधानाचं १७ वेगळं, हे वेगळं, मी पण आधी गोंधळायचे).

फक्त एक, कायदा सुरुवातीलाच काढू नका. आधी चहा, मग हेतूचा कागद, मग कायदा.

१०. मार्क आणि नोंद

आकारिक मूल्यमापनात उपक्रम, प्रकल्प, निरीक्षण यांना गुण असतात, आणि पर्यायी काम केलेल्याचे गुण तिथंच गळतात. तक्त्यात 'गणपती पूर्ण केला' असा निकष लिहू नका, 'वस्तू पूर्ण केली' लिहा. निकष सगळ्या वर्गाला एकच.

वहीत लिहिताना 'मुस्लिम असल्याने सूट' असं लिहू नका. 'चित्राऐवजी अक्षरलेखन दिले, हेतू तोच' एवढं पुरे. चिठ्ठ्या वर्षअखेरीला फाडून टाका, कपाटात ठेवून बदली होऊन जाऊ नका. आणि हो, मायनॉरिटीच्या आणि इतर स्कॉलरशिपच्या याद्या वर्गात मोठ्याने वाचू नका, वर्षभर सांभाळलेलं त्या पाच मिनिटांत जातं.

चुकलंच तर लेकराची माफी एकट्यात मागा, अख्ख्या वर्गापुढं नको, त्याला परत सगळ्यांच्या नजरेत आणल्यासारखं होतं. वर्गात फक्त कामात बदल जाहीर करा, 'आता कुणालाही बैल, हत्ती, गणपती, घागर, काहीही करता येईल.' त्या वर्षी मी असं केलं तर गणपतीवाल्यांतलेच चारजण बैलाकडं गेले, कारण बैल सोपा असतो.

आणि चुकीचा शेरा आधीच लिहून झाला असेल तर व्हाइटनर लावू नका. एक आडवी रेघ मारायची, वर दुरुस्त नोंद, तारीख, तुमची सही आणि शेजारी मुख्याध्यापकांची. त्या फोनवाल्या पोरीला पण हेच सांगितलं, तिने अजून शेरा लिहिला नव्हता, पेन्सिलने नुसता गोल केला होता, तो खोडता येतो.